रोज की आठवड्यातून एकदा

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. गेल्या महिन्यात आपण फोनवर तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा पाचव्या मिनिटाला आपलं वाजलं. आई म्हणाली, "तुम्ही दोघं लिहूनच बोला, लिहिताना कुणी मध्ये तोंड घालत नाही." म्हणून हा उद्योग. शिवाय ऑफिसच्या मेलवर लिहायची सोय नाही, तिथलं सगळं कुणी ना कुणी वाचतं.

येत्या पंधरा तारखेला तुमच्याकडे ऑर्डरच्या सिस्टिमचं अपडेट येतंय. आपल्या ग्रुपच्या पाचही हॉस्पिटलांत एकदम. डॉक्टर ज्या पडद्यावर औषधं आणि तपासण्या लिहितात तो सगळाच बदलेल. आठ महिने आम्ही सात जण यावर बसलोय. त्यातले दोघे मध्येच सोडून गेले, त्यांचं काम उरलेल्यांच्या गळ्यात. फार्मसी शिकलो तेव्हा मी गोळ्या हाताळायचो, आता गोळ्यांच्या याद्या हाताळतो. अकरा हजार ओळी आहेत. बाराशेच्या पुढे गेलं की नावं नुसती नक्षी दिसायला लागतात.

तुझी जुनी तक्रार होती ना, की पडद्यावर धोक्याच्या लाल चौकटी इतक्या येतात की डॉक्टर न वाचताच 'ठीक' दाबून मोकळे होतात? मोजलं तर एका डॉक्टरला दिवसाला सत्तर चौकटी निघाल्या. त्या आता पंधरावर आणल्यात. ते काम बहुतेक माझंच. एवढ्यासाठी तरी तू मला शाबासकी द्यावीस.

शिकवायला येणाऱ्या मुलींवर तुमचे लोक चिडणार नाहीत एवढं बघ. त्यांनाही दोन दिवसांत पढवून पाठवलंय.

आईचे गुडघे होते तसेच. तुला फोन करायचं तिने सोडलंय. म्हणते, तू कायम राऊंडवरच असतेस.

तुझा
धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद तुला न मागता मिळतात, ते धरून चाल.

आलं तुझं अपडेट. सकाळी आठला सुरू होणार होतं, ते झालं पावणेबाराला. तोवर आम्ही कागदावर काम केलं. निम्म्या डॉक्टरांची कागदावर लिहायची सवयच मोडलीय. एकाने मला विचारलं, "सिस्टर, यात डोस कुठे टाकायचा?" म्हटलं, "जिथे जागा दिसेल तिथे टाका, डॉक्टर."

वॉर्डात तुझ्या सिस्टिमचं नाव 'नवी सून' पडलंय. घर सगळं तिच्या जिवावर चालतं आणि येता-जाता जो तो तिला नावं ठेवतो. आधी तीनदा दाबलं की रक्ताची तपासणी जायची, आता आठदा दाबावं लागतं. आमचे मोठे डॉक्टर तर पडद्याकडे पाहतही नाहीत. ते राऊंडला बोलत सुटतात आणि मागून टापटीप भरभर भरत असते. टापटीप म्हणजे आमची नवी डॉक्टरीण. तिच्या खिशातल्या पेनांची टोपणंसुद्धा एका दिशेला असतात, म्हणून ते नाव. मूल झाल्यावर दोन वर्षं घरी होती, आता पुन्हा उभी राहतेय. राऊंड संपला की एकटी बसून सगळ्या ऑर्डरी परत तपासते. मी तिला म्हणते, अगं, पाणी तरी पी.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सांध्यांच्या आजाराला ती छोटी पिवळी गोळी देतात, आठवड्यातून एकच. तुला मी काय सांगू, रोज घेतली तर तीच गोळी विष. आधी तिचं नाव टाकलं की सिस्टिम आपण होऊन 'आठवड्यातून एकदा' लिहायची आणि वार विचारायची. आता तिथे 'रोज' येतंय, आणि लाल चौकटही नाही. अठरा तारखेला एका पेशंटच्या बाबतीत ते झालं. ऑर्डर देणाऱ्याच्याच लक्षात आलं म्हणून निभावलं. मी लगेच हेल्पडेस्कला कळवलं, नंबरही घेतला. तू आतला माणूस आहेस, जरा कानावर घाल कुणाच्या तरी.

शाबासकी चौकटींबद्दल दिली. तिथे खरंच शांतता झालीय.

ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र परवा मिळालं. 'नवी सून' ऑफिसात सांगितलं. आमच्या साहेबीणबाई सोडून सगळे हसले.

अपडेटनंतर बारा दिवसांत सहाशे तक्रारी आल्या. एकाला पडद्याचा निळा रंग डोळ्यांत खुपतो, तीही तक्रार. त्या गोळीचं म्हणशील तर सगळं क्रमाने घेतलं जातं. तू कळवलंयस, नंबर मिळालाय, म्हणजे योग्य माणसाकडे गेलंच असेल. काळजी करू नकोस.

परवा डबा भरलेलाच घरी परत आणला. आईने विचारलं, जेवला का नाहीस. मला तर जेवल्याचं आठवत होतं. पुढचा महिना जरा हलका जाईल असं म्हणतात. मागच्या महिन्यातही असंच म्हणत होते.

धाकटा


१६ मार्च

धाकट्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं जे होतं ते लिहवत नव्हतं.

दोन तारखेला आमच्याकडे एक बाई दाखल झाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, शिवणकाम करणाऱ्या. आम्ही त्यांना टेलरबाई म्हणायचो. छातीत कफ, अंगात ताप, बोटं सांध्यांपाशी सुजलेली, पण नजर शाबूत. कॉटवर टेकल्या टेकल्या मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या युनिफॉर्मचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय." घरी जाऊन मोजला, खरंच उतरलेला होता. औषधाने ताप उतरला. चौथ्या दिवशी त्या कॉटवर बसून शेजारणीला काजं कशी करायची ते शिकवत होत्या. दोन दिवसांत घरी जातील असं सगळे म्हणत होते.

आठ तारखेला त्यांचं तोंड आलं. आम्हाला वाटलं तापाचं असेल. दुसऱ्या दिवशी आतून सगळं सोलवटलेलं, पाण्याचा घोट जाईना. टापटीपने रक्ताचा रिपोर्ट पाहिला, पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. ती पडद्यासमोर बसली आणि एकेक ऑर्डर बोट ठेवून वाचत गेली. मग उठून माझ्यापाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "सिस्टर, मी हे काय केलंय?"

तीच पिवळी गोळी. घरी चालू असलेली औषधं तिने दाखल करताना भरली, त्यात ही 'रोज' म्हणून गेली. खाली फार्मसीतूनही सुटली, कारण त्यांच्या पडद्यावरही 'रोज'च. सहा दिवस आम्ही ती दिली. आम्ही म्हणजे माझ्या वॉर्डाने. बाईंना कुणी एका शब्दाने विचारलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं, पण त्या धांदलीत विचारायला सवड कुणाला होती.

उतारा दिलाय. आठवडा झाला, अजून अतिदक्षतेत आहेत. नाकातून नळी घालून अन्न देतात. काल काचेतून पाहिलं. कूस बदलायलाही दोघी लागतात.

चौकशी समिती नेमलीय. टापटीपला नोटीस देऊन घरी बसवलंय. चूक जिने शोधली तिच्याच माथी ती मारताहेत. मी समितीला म्हटलं, मी हे आधीच कळवलं होतं. ते म्हणाले, नोंद दाखवा. तेवढी नोंद शोधून दे. ती मिळाली तर पोर वाचेल.

ताई


२४ मार्च

प्रिय ताई,

शोधलं. तशी नोंद सापडत नाही. तक्रारी मध्यंतरी दुसरीकडे हलवल्या. त्यात काही गळाल्या असं म्हणतात. ती गोळी मात्र दुरुस्त झाली, दहा तारखेलाच, पाचही ठिकाणी. तू यात फार पडू नकोस. समितीला त्यांचं काम करू दे.

आई बरी आहे.

धाकटा


२८ मार्च

धाकट्या,

गळाल्या म्हणजे काय? ती काय पिकली फळं आहेत? नंबर ४४०७२. वॉर्डाच्या वहीत माझ्या अक्षरात आहे, तारीख आणि वेळेसकट.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लहानपणी खोटं बोलताना तू असाच तुटक बोलायचास. तुझ्यावर वरून दबाव आहे का? असेल तर तसं लिही. नोकरीची भीती मला कळते, मीही पगारावरच जगते. पण मग निदान 'मला जमणार नाही' एवढं म्हण. मला वेड्यात काढू नकोस.

मंगळवारी टापटीप समितीपुढे आली होती. बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसली होती, फाइलला रंगीत पट्ट्या लावलेल्या. मी पाणी नेऊन दिलं. आतून आल्यावर सांगत होती. एकाने विचारलं, "पडद्यावर 'रोज' लिहिलेलं तुम्हाला दिसलं नाही?" ती म्हणाली, "दिसलं. मला वाटलं, ते मीच निवडलंय." असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तरी सांगेन की तिने निवडलं होतं की नाही. आता तिचा स्वतःच्या हातांवर विश्वास उरलेला नाही. हे मला त्या नोटिशीपेक्षा वाईट वाटतं.

टेलरबाईंची नळी काढली. पातळ गिळतात.

ताई


९ एप्रिल

प्रिय ताई,

दबाव कुणाचाही नाही. ४४०७२ माझ्याकडेच आली होती.

वीस फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारचे तीन दहा. त्या दिवशी मी एकशे चाळीस तक्रारी उघडल्या. तुझ्या तक्रारीवर मी अडतीस सेकंद होतो, सिस्टिम तेही लिहून ठेवते. वर नाव वॉर्डाचं होतं, तुझं नव्हतं. मी 'तातडीची नाही' यावर खूण केली, 'पुढच्या अपडेटमध्ये पाहू' असं लिहिलं आणि बंद केली. मी फार्मसिस्ट आहे, ताई. त्या गोळीचं नाव मी वाचलं होतं. वाचलं आणि मला काहीच वाटलं नाही. याचं उत्तर मी रोज शोधतो.

ती लाल चौकटही मीच काढलेली. नको असलेल्या चौकटींच्या यादीत ती चुकून गेली. यादी दुसऱ्याने तपासायची असा नियम आहे, पण तो दुसरा नोकरी सोडून गेलेल्यांपैकी होता. मी त्याच्या जागीही सही केली.

याहून वाईट पुढे आहे. तुझं पत्र पंचवीस तारखेला हातात पडलं. तेव्हा मला कळलं की ती तक्रार तुझी. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडायची तर कारण लिहावं लागतं, साहेबीणबाईंची सही लागते, का बंद केली ते सांगावं लागतं. म्हटलं, सोमवारी करू. आणि तुला लिहिलं, काळजी करू नकोस. सोमवारी दोन मार्च होती. सोमवारीही मी केलं नाही. तुझ्या टेलरबाई त्याच दिवशी दाखल झाल्या.

तू नोंद मागितलीस तेव्हा ती माझ्यासमोर उघडी होती. मी तुला खोटं लिहिलं.

परवा सगळं समितीला लेखी दिलं, नोंदी जोडून. साहेबीणबाई म्हणाल्या, "झोप लागत नाही म्हणून देतोयस का?" मी म्हटलं, झोप तर लागते. बसल्या जागी लागते, हेच दुखणं आहे. त्यांचे डोळेही माझ्यासारखेच झालेत.

आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्या बाईंच्या घरी कोण कोण आहे?"

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

धाकटा


१७ एप्रिल

धाकट्या,

तुझ्यावर रागवायचं म्हणून कागद घेतला होता. चार दिवस तसाच पडून होता. रागवायलाही तोंड असावं लागतं.

मी तुला लिहिलं होतं की बाईंना विचारायला कुणाला सवड झाली नाही. ते खरं नाही. विचारायची गरजच पडली नव्हती. चार मार्चला, बुधवारी, सकाळच्या गोळ्या मी स्वतः वाटत होते, कारण दोन सिस्टर आल्या नव्हत्या आणि वॉर्डात बत्तीस पेशंट होते. टेलरबाईंनी वाटीतून पिवळी गोळी बोटाने बाजूला काढली. म्हणाल्या, "सिस्टर, ही मी रविवारी घेते. आज तर बुधवार. कालही दिली होती."

मी हातातल्या यंत्रावर पाहिलं. त्यांच्या नावापुढे हिरवी खूण होती. म्हटलं, "डॉक्टरांनी बदललं असेल. इथे 'रोज' लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायल्या.

दोनच आठवड्यांपूर्वी हीच गोळी, हीच चूक, मी स्वतः कळवली होती. तुझ्याकडे अकरा हजार ओळी होत्या. माझ्याकडे एकच बाई होती आणि ती माझ्याशी बोलत होती. तरी मला आठवलं नाही. मी पुढच्या कॉटकडे गेले.

टापटीप घरी बसली, तेव्हाही मी हे गिळून बसले. तुझ्या नोंदीने ती सुटेल आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहील, असा माझा हिशेब होता. तू लिहून दिलंस, म्हणून मला उठावं लागलं. उद्या सकाळी मी समितीकडे जातेय.

ताई


९ मे

प्रिय ताई,

निकाल तुझ्याकडेही आला असेल. टापटीपवरची नोटीस मागे घेतली, हे वाचून बरं वाटलं. मला त्या कामावरून काढलं. नोकरी ठेवलीय, पण इथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत, खिडकीवर. आता तक्रार बंद करायला दोन सह्या लागतात आणि चौकट काढायला तीन. माझ्या जागी नवीन माणूस घेतलेला नाही, तेव्हा त्या सह्या कोण करणार ते कुणी सांगत नाही.

तुझी वॉर्डाची जबाबदारी काढली, हे मला आईकडून कळलं. तू का नाही लिहिलंस?

टेलरबाईंना हॉस्पिटलने पत्र पाठवलंय म्हणे. मला त्याची प्रत दाखवली. 'यंत्रणेतील त्रुटीमुळे' असं आहे त्यात. तू नाहीस, मी नाही. ते पत्र मी दोनदा वाचलं. त्यातून काय झालं ते मलाही कळलं नसतं, तर त्यांना काय कळणार.

तू कधी त्यांच्याकडे गेलीस तर माझंही सांग. मी स्वतः यावं असं वाटतं, पण त्यांना मी कोण, हेच आधी समजवावं लागेल.

धाकटा


३१ मे

धाकट्या,

लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नव्हतं. मी आता बाहेरच्या तपासणी विभागात आहे. वजन करते, रक्तदाब घेते, नाव पुकारते. पायांना आराम आहे. टापटीप परत आली. जिन्यात भेटते, थांबते, पण आधीसारखं बोलत नाही. मी कशी गप्प राहिले ते तिला कळलंय, आणि न बोलण्याचा तिला हक्क आहे.

गेल्या रविवारी टेलरबाईंकडे गेले होते. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या. मशीन खिडकीशी, त्यावर अर्धवट शिवलेला परकर तसाच. बाई खुर्चीत होत्या. केस गेलेत, डोक्याला रुमाल. मला पाहून आधी ओळखलं नाही, युनिफॉर्म नव्हता ना. मग म्हणाल्या, "बसा."

मी चहा नको म्हटलं आणि सांगायला लागले. बुधवारचं सगळं. त्या काय म्हणाल्या, मी काय म्हणाले. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदाच बोलल्या, "म्हणजे मी सांगितलं होतं."

"हो. तुम्ही सांगितलं होतं."

"मग ऐकलं का नाही?"

मी म्हटलं, "यंत्रावर दुसरं लिहिलं होतं. मी तुमच्याऐवजी त्याचं ऐकलं." यापेक्षा चांगलं उत्तर येताना वाटेत शोधलं होतं, मिळालं नाही.

त्या रडल्या नाहीत, माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. तेवढ्यात त्यांची मोठी बहीण बाजारातून आली. बाई तिला म्हणाल्या, "ताई, पिशवी ठेव आणि ऐक. सिस्टर, पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बहीण उभ्याउभ्याच ऐकत राहिली, पिशवी हातात तशीच. संपल्यावर मला म्हणाली, "घरी आल्यापासून ही हेच सांगतेय. मी त्यांना सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. आम्हाला वाटलं, तापात काहीतरी डोक्यात बसलंय." मग बहिणीजवळ गेली आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाई तिच्याकडे बघत होत्या. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पहिल्यांदा सांगताना मी तुझा भाग गाळला होता. दुसऱ्या वेळी नाही गाळला. तक्रार, अडतीस सेकंद, माझं पत्र, सोमवार, सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "तो तुमचा कोण?"

मी म्हटलं, "माझा धाकटा भाऊ."

ताई